कांदा-बटाटा बाजाराच्या तोंडाशी

पत्र

नमस्कार. आमचं तालुक्याचं गाव, मंगळवारचा आठवडी बाजार. वडिलांपासून आमची कांदा-बटाट्याची जागा बाजाराच्या बरोबर मध्यावर आहे. माझा स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो आहे. मागच्या महिन्यात बाजार उठायच्या वेळी शेजारच्या दुकानदाराचा टेम्पो मागे येत होता आणि एका आजींचा पाय चाकाखाली सापडला. हाड मोडलं. तेव्हापासून गावात दोन तट पडलेत. काही मंडळींनी निवेदन दिलंय की बाजाराच्या दिवशी सकाळी ७ ते रात्री ९ एकही गाडी आत नको. व्यापारी म्हणतात, मग बाजारच भरवणार नाही. मुख्याधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंची बैठक लावलीय आणि व्यापाऱ्यांच्या वतीनं मला बोलायला सांगितलंय. खरं सांगू का, माझी आई त्याच गर्दीतून भाजी आणते, त्यामुळे निवेदनवाल्यांचं मला चूक वाटत नाही. पण १५ गोण्या काय डोक्यावरून वाहायच्या? बैठकीत मी काय बोलू?

— एक कांदेवाला

उत्तर

कांदेवाले दादा,

‘गाड्या हव्यात की नकोत’ एवढ्याच प्रश्नावर बैठक सुरू झाली, तर अर्ध्या तासात ती हमरीतुमरीवर येणार. तेव्हा तुम्ही आधी एवढंच विचारा, की गाड्या म्हणजे नेमक्या कोणत्या? माल उतरवून निघून जाणारा टेम्पो वेगळा. सकाळी आत घुसून रात्रीपर्यंत तिथंच ठाण मांडणारा, फाळका पाडून हौद्यातूनच विक्री करणारा टेम्पो वेगळा. बाजारातून जवळ पडतं म्हणून घुसणारी वाहनं आणखी वेगळी. आणि गिऱ्हाइकांच्या दुचाक्या? निवेदन देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टेम्पो आहे, पण मोजायला बसलात तर दुचाक्याच जास्त निघतील. गाडीवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून ‘मेथी कशी दिली?’ विचारणारे महाभाग दर दहा पावलांवर असतात, आणि त्यांच्यामागे सगळी वाट तुंबते. सह्या करणाऱ्यांतलेही काही तसेच येत असतील. हे बैठकीत बोलू नका, मनात असू द्या.

दुचाक्या आणि नुसती वाट काढणारी वाहनं बाजाराच्या दिवशी पूर्ण बंद, यावर दोन्ही बाजूंचं एकमत व्हायला हरकत नाही. ते आधी करून घ्या. एका मुद्द्यावर माना डोलल्या की पुढचं बोलणं सोपं जातं. गिऱ्हाईक तुटेल अशी धास्ती व्यापाऱ्यांना असतेच. त्यासाठी एखाद्या शाळेचं किंवा बाजार समितीचं पटांगण दुचाक्यांसाठी मागून घ्या, पण ते दोन-तीन मिनिटांच्या चालीत असू द्या. लांबचं दिलंत तर पहिल्याच मंगळवारी सगळे पुन्हा आत.

आता टेम्पो. बैठकीच्या आधी एखाद्या बाजारी टेप घेऊन तुमच्या गल्लीत उभे राहा. समजा रस्ता २० फुटी आहे. दोन्ही अंगांना पथाऱ्या, पाट्या, क्रेट आणि पुढे सरकवलेला तराजू मिळून पाच-पाच फूट गेले. उरले १०. छोट्या हत्तीची रुंदी सुमारे दीड मीटर, म्हणजे पाच फूट. आरसे धरले तर जरा जास्तच. टेम्पो अगदी मधोमध चालला तरी दोन्हीकडे माणसाला मिळतात दोन-सव्वादोन फूट. त्यातच वाकून वांगी निवडणारी बाई, तिचं पोर आणि भरलेली पिशवी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या सूचनांमध्ये पदपथाची कमीत कमी मोकळी रुंदी १.८ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट धरली आहे. आठवडी बाजारात कुणी पदपथ मागत नाही. पण सहा आणि दोन हे आकडे कागदावर शेजारी-शेजारी मांडले की ‘इतकी वर्षं कुठं काय झालं?’ म्हणणं जरा जड जातं. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दर पाचांमागे जवळजवळ एक जण पायी चालणारा होता.

तुमच्याकडचा अपघात टेम्पो मागे घेताना झाला, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. गर्दीत टेम्पो पुढे सरकतो तो माणसाच्याच चालीनं, आणि चालकाला समोरचं दिसत असतं. मागे घेताना मात्र हौद्याला चिकटून उभा असलेला माणूस कुठल्याच आरशात येत नाही. रिव्हर्सचं गाणं वाजतं म्हणावं, तर ‘दहाला जुडी’च्या भोंग्यांपुढे ते ऐकतंय कोण? ब्रिटनचं कामगार सुरक्षा खातं सांगतं की तिथं कामाच्या ठिकाणी वाहनांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ चौथा हिस्सा गाडी मागे घेताना होतो. ते तर गोदामं, कारखाने, यार्ड. तिथं निदान ‘इथं गाड्या फिरतात’ हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तुमच्या बाजारात कोथिंबिरीचा भाव करणाऱ्या म्हातारीनं ते का म्हणून ध्यानात ठेवावं?

म्हणून सात ते नऊ या वेळेवर भांडण्याआधी एक नियम करून घ्या: बाजारात माणसं असताना कुणीही गाडी मागे घ्यायची नाही. एका तोंडानं आत, दुसऱ्या तोंडानं बाहेर. ज्या गल्लीला दुसरं तोंडच नाही, तिथं टेम्पो जाणार नाही, हातगाडी जाईल. अगदी पर्याय नसेल तिथं गाडीचा क्लीनर खाली उतरून मागे चालेल, आणि तो हात करेपर्यंत चालक क्लच सोडणार नाही.

मग १५ गोण्यांचं काय? पन्नास किलोच्या धरल्या तर साडेसातशे किलो माल झाला. हातगाडीवर पाच-सहा गोण्या टाकल्या तरी तीन खेपा, वर हमाली. रोजच्या खर्चात ती बसत नाही, हे मला मान्य. पण बाजारातल्या किती जणांची ही अडचण आहे? तुमची आहे, कलिंगडवाल्याची आहे, धान्य-कडधान्यवाल्याची, माठ-रांजणवाल्याची आहे. पालेभाजीवाली दोन पाट्या घेऊन एसटीनं नाहीतर वडापच्या जीपनं येते. बांगड्या, मसाले, सुकी मासळी, तयार कपडे यांचं गाठोडं एक माणूस उचलतो, फार तर दोघं. ज्यांना चाक अगदी जागेवर लागतं अशी माणसं थोडी, पण ती विखुरली आहेत बाजारभर. एक कांदेवाला या टोकाला, दुसरा मारुतीच्या देवळापाशी, तुम्ही मध्यावर. मग टेम्पोला सगळा बाजार तुडवल्याशिवाय गत्यंतरच नाही.

माझं म्हणणं असं, की जड माल बाजाराच्या तोंडाशी बसवा आणि हलका माल आत. बाहेरच्या रस्त्याला लागून कांदा-बटाट्याची, कलिंगडाची, धान्याची ओळ केली, की टेम्पोला आत शिरायचं कारण उरत नाही. तो पाठीमागे उभा राहील, तुम्ही हौद्यातून गोणी थेट जागेवर घ्याल, आणि आतल्या गल्ल्या दिवसभर पायांसाठी मोकळ्या राहतील. हे काही आक्रीत नाही. पुण्याचा घाऊक भाजीबाजार मंडईच्या परिसरातून गुलटेकडीला गेला, मुंबईचा वाशीला गेला. जड माल गर्दीतून बाहेर काढायचं ते मोठं काम होतं. तुम्हाला गावाबाहेर जायचं नाही, शंभर-दीडशे पावलं सरकायचंय.

यात गोम कुठं आहे ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. पहिली जागा तुमचीच हलणार.

नगरपरिषदेत नोकरी केलेला माणूस आहे मी. बाजारातली जागा म्हणजे काय चीज असते ते पाहिलंय. सख्खे भाऊ वाटणीत शेत सोडतील, पण बाजारातली चार फूट सोडणार नाहीत. तुम्हाला सहज ‘हो’ म्हणवणार नाही. पण एक गोष्ट तुम्हीच आठवून पाहा. बाजारहाट करणारं माणूस कांदे कधी घेतं? पाच किलो कांदा हातात लटकवून कुणी बाजार हिंडत नाही. आधी पालेभाजी, मिरच्या, मसाला, पोराला चप्पल, आणि घरी निघताना कांदे-बटाटे. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तसंही शेवटी वळतं. बाहेर पडायच्या वाटेवरची जागा तुमच्या मालाला सोयीची आहे, आणि दुचाक्यांचं पटांगण त्याच अंगाला मिळालं तर जास्तच.

एकट्यानं मात्र हलू नका. सगळे कांदा-बटाटावाले एकाच मंगळवारी हलले पाहिजेत, नाहीतर जो मध्यावर राहील तो बाकीच्यांचं गिऱ्हाईक खाईल, आणि दुसऱ्या बाजारी सगळे परत फिरतील. नव्या ओळीतल्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटा. प्रयोग फसला तर जुनी जागा ज्याची त्याला परत, हे नगरपरिषदेकडून लेखी घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि हा प्रस्ताव बैठकीत तुमच्याच तोंडून येऊ द्या. व्यापाऱ्यांच्या वतीनं बोलणाराच स्वतःची जागा सोडायला निघालाय म्हटल्यावर समोरच्यांना सात ते नऊचा हट्ट धरणं अवघड जाईल. तुमच्या बाजूचे थोडे चिडतील. त्यांना आदल्या दिवशीच गाठून सांगा, भर बैठकीत धक्का देऊ नका.

एवढं करूनही आतल्या गल्लीतल्या काही जणांना गाडी लागेलच. त्यांच्यासाठी वेळा ठरवाव्या लागतील. सकाळचं सोपं आहे: पहाटे पाचपासून आठपर्यंत गाडी आत, माल उतरवला की बाहेर, पथारी नंतर मांडायची. आठनंतर आलेल्यानं तोंडाशी उतरवून हातगाडीनं न्यायचं. मासळीवाल्यांना दुपारी बर्फ लागला तर तोही हातगाडीवरून. रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी आणि अपंगांची तीनचाकी यांना अर्थातच कधीही वाट.

संध्याकाळ अवघड. तुमच्याकडे अपघातही तेव्हाच झाला. बाजार उठायच्या वेळी भाव उतरतात, म्हणून गिऱ्हाइकांची शेवटची लाट नेमकी तेव्हा येते. विकणाऱ्याला उरलेला माल खपवायचाय, टेम्पोवाल्याला अंधारायच्या आत गाव गाठायचंय, पालिकेचे निम्मे दिवे बंद. ‘साडेसातला गाड्या सोडू’ असं ठरवलंत तर साडेसातला माणसंही तिथंच असणार. त्याऐवजी बाजार टोकाकडून, गल्लीगल्लीनं उठवा. एका टोकाच्या गल्लीची विक्री आधी थांबते, तिच्या तोंडावर दोर बांधला जातो, गिऱ्हाईक बाहेर निघतं, मग त्याच गल्लीच्या गाड्या आत येतात. त्या भरून निघाल्या की पुढची गल्ली. बाकीच्या गाड्या बाहेर नंबर लावून. आधी उठणाऱ्या गल्लीचं नुकसान होतं म्हणून दर मंगळवारी क्रम फिरता ठेवा. हे कुरकुरीशिवाय होणार नाही. पण ज्या क्षणी दोराच्या आत गिऱ्हाईक नाही, त्या क्षणापासून टेम्पोनं कसंही वळावं, चिरडायला कुणी नाही.

निवेदनवाले कदाचित दिल्लीच्या चांदणी चौकाचा दाखला देतील. तिथं लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्यानं बांधून २०२१ मध्ये खुला झाला, आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी आहे. सात ते नऊची मागणी तिथूनच सुचली असेल तर नवल नाही. दाखला चांगला आहे, पण तिथल्या दुकानदाराला शटर आहे, मागे गोदाम आहे. माल रात्री नऊनंतर येऊन पडला तरी चालतो. तुमच्या बाजारात रात्री नऊला कुलूप लावायला दारच नाही. आणि तिथला दुसरा अनुभवही ऐकवा: फाटकावर माणूस नसला की बंदीच्या वेळेतही दुचाक्या घुसतात. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करतात, तो एका दिवसाचा सोहळा. लोकांना मोकळ्या रस्त्याची चव लागते इतकंच. तुमचा मंगळवार वर्षातून ५२ वेळा येतो.

म्हणून फाटकावर कोण उभं राहणार, हे बैठकीतच ठरवा. पोलीस ठाण्यात माणसं किती असतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. माझ्या मते ते काम बाजार फी वसूल करणाऱ्या ठेकेदाराचं. अनेक नगरपरिषदा वसुलीचा ठेका लिलावानं देतात. ठेकेदार जागेमागे पावती फाडतो, कुठंकुठं गाडीमागेही फाडतो. म्हणजे टेम्पो आत येणं त्याला परवडतं. आत सोडलेल्या प्रत्येक गाडीत ज्याचा फायदा, तो गाडी अडवणार कशाला? पुढच्या लिलावाच्या अटींतच लिहून घ्या: प्रत्येक तोंडावर बाजारभर एक माणूस, आतल्या गाडीची पावती बंद, बाहेरच्या थांब्याची पावती चालू. आणि बंदीच्या वेळेत आत गाडी सापडली तर दंड ठेकेदाराला. मुख्याधिकाऱ्यांना हे पटेल, कारण त्यात पालिकेचा एक रुपया जात नाही.

कुणी तरी लोखंडी खांबांची मागणी करेल. करू द्या. दोन खांबांमध्ये चार फूट ठेवलं तर चाकाची खुर्ची जाते, पाच फुटांचा टेम्पो अडतो. दुचाकी मात्र आरामात जाते, म्हणून माणूस लागतोच. मधला एक खांब काढता-घालता हवा, आणि त्याची किल्ली कुणाकडे हे आधी ठरवा. आग लागल्यावर किल्ली शोधत फिरण्यापेक्षा खांब नसलेले बरे.

कायद्याचं थोडक्यात. नगरपरिषदेनं नुसता फलक लावला म्हणून वाहनबंदी लागू होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली अधिकृत आदेश लागतो, तो जिल्हा पातळीवरून निघतो. पण त्याच कलमात एक सोय आहे: बंदी एका महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढायची गरज नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केलं की पुरतं. म्हणजे चार बाजारांचा प्रयोग कमी कागदपत्रांत होतो. नगरपरिषदेचा ठराव करून पोलीस ठाण्यामार्फत वर पाठवा. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवा, की कशाला यश म्हणायचं. आठनंतर किती टेम्पो आत आले, शेवटची गाडी किती वाजता निघाली, आणि विक्री. विक्रीचा खरा आकडा कुणी सांगणार नाही. किती गोण्या परत गेल्या ते विचारा, तेवढं सांगतात.

बैठकीला कोण-कोण बोलावलंय, तेही बघून घ्या. तुम्ही पत्रात दोन बाजू लिहिल्यात, नागरिक आणि व्यापारी. खेड्यांतून पाटी घेऊन येणाऱ्या बाया यांपैकी कुणातच मोडत नाहीत. त्यांच्याकडे गाडी नाही, संघटना नाही, आणि पाय पसरून बसतात त्या टेम्पोच्या वाटेतच. सगळ्यांत जास्त धोका त्यांना, आणि तोंडाशी जड मालाची ओळ आली तर मागे ढकलल्या जायची भीतीही त्यांनाच. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यात नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात असं आहे. तुमच्या गावात ती समिती कागदावर असेल-नसेल, दोन-तीन जणींना तुम्ही स्वतः घेऊन जा. सोमवारी बैठक लावून उपयोग नाही. बैठक बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवली तरच त्या येतील, एरवी रोज बुडवून कोण येतं?

त्या आजींच्या बाबतीत एक काम शेजारधर्म म्हणून करा. हाड मोडणं कायद्यानं गंभीर दुखापतीत येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये, चूक कुणाची हे सिद्ध न करताही, गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये भरपाई आहे. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे सहा महिन्यांच्या आत दाखल झालेला बरा, आणि तुमचा एक महिना गेलाय. टेम्पोचा विमा चालू असेल तर पैसे विमा कंपनी देते, म्हणून तुमच्या शेजाऱ्यानं दाव्याला घाबरून ‘आपसात मिटवू’ म्हणण्यात त्याचाच तोटा आहे. विमा संपलेला असेल तर मात्र ते त्याच्या खिशातून जाणार. सगळ्या टेम्पोंचे कागद पुढच्या मंगळवारच्या आधी तपासायला लावा, स्वतःचेही.

राहता राहिलं प्रयोग कधी सुरू करायचा ते. पावसाळ्यात नको, चिखल आणि ताडपत्र्यांमुळे जागा आधीच आकसलेल्या असतात, आणि काही बिघडलं की खापर नव्या व्यवस्थेवर फुटतं. दिवाळीच्या आधीचे दोन बाजारही सोडा, त्या गर्दीत कुठलाच नियम टिकत नाही. दिवाळी उलटल्यावरचा दुसरा मंगळवार धरा. तोवर जुना कांदा संपत आलेला असतो, तुमच्या गोण्या कमी असतात, आणि नव्या जागेची सवय व्हायला तेवढी उसंत मिळते.